पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाच्या घराला आर्थिक मदत: कुठे मागायची, कशी मागायची

फौजेत होता म्हणजे पेन्शन असणारच, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात शिपाई, नाईक, हवालदार या पदांवरच्या जवानाला सेवा पेन्शन लागू व्हायला साधारणपणे १५ वर्षांची नोकरी पूर्ण व्हावी लागते. त्याआधी सेवेची मुदत संपून, ग्रॅच्युइटी घेऊन घरी आलेले कितीतरी जवान आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना पेन्शन नाही, बहुतेकांकडे ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्डही नाही. कित्येक घरांत तो जवानही आता राहिलेला नाही. मागे त्याची बायको आहे, आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटतानाची सेवेची नोंदवही, आहे.

हा लेख त्या घरांसाठी आहे. खरं तर त्या घरातल्या एका शिकलेल्या माणसासाठी आहे: नातू, सून, भाची, नाहीतर शेजारची शिक्षिका. अर्ज शेवटी तेच भरतात.

मदतीचा पैसा आहे आणि तो दरवर्षी वाटलाही जातो. पण ज्याचे कागद एकमेकांशी जुळतात आणि ज्याचा अर्ज मुदतीत पोहोचतो, त्यालाच तो मिळतो. गरज सगळ्यात जास्त असलेलं घर नेमकं इथेच मागे पडतं. म्हणून योजनांच्या रकमांपेक्षा कागदांबद्दल मी जास्त लिहिलं आहे.

हा पैसा कुठून येतो

७ डिसेंबरला शर्टाच्या खिशाला लावायला एक छोटा कागदी झेंडा मिळतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाईदल. हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. लोकांनी दिलेल्या देणग्यांतून उभा राहिलेला हा निधी १९९३ मध्ये युद्धग्रस्त आणि माजी सैनिकांसाठीच्या इतर काही निधींशी एकत्र केला गेला, आणि सशस्त्र सेना ध्वजदिन निधी या नावाने आज तो चालतो. त्याचाच एक भाग म्हणजे रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधी. गरजू माजी सैनिक, विधवा आणि त्यांच्या मुलांना दिल्लीच्या केंद्रीय सैनिक मंडळाकडून जी अनुदानं मिळतात, ती बहुतेक याच भागातून येतात.

व्यवस्था तीन थरांची आहे. वर केंद्रीय सैनिक मंडळ, मध्ये राज्याचा सैनिक कल्याण विभाग (महाराष्ट्रात तो पुण्यात आहे) आणि खाली प्रत्येक जिल्ह्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तुमचा संबंध येतो तो या शेवटच्या कार्यालयाशी. तिथे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी असतात आणि कल्याण संघटक असतात. संघटक बहुधा स्वतः माजी सैनिकच असतात. पहिल्या भेटीत त्यांनाच गाठा. कुठला कागद लागेल आणि कुठला लागणार नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पहिलं काम: दर्जा तपासणे

अर्जाला हात लावण्याआधी डिस्चार्ज बुक उघडा आणि सेवेतून मुक्त होण्याचं कारण कुठे लिहिलं आहे ते शोधा. ‘माजी सैनिक’ हा सरकारी दर्जा आहे आणि तो या कारणावर ठरतो. ठरलेली सेवा पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेतलेला, पेन्शनवर निवृत्त झालेला, किंवा सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे बाहेर पडलेला जवान या व्याख्येत बसतो. गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेला बसत नाही. पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडलेल्यालाही हा दर्जा साधारणपणे मिळत नाही. घरच्यांना हे कधी माहीत नसतं, कधी माहीत असून बोललं जात नाही. पण ते आधीच पाहिलेलं बरं. नाहीतर सहा महिने धावपळ झाल्यावर नकार येतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या मनाला ते फार लागतं.

दर्जा ठीक असेल तर जिल्हा कार्यालयात माजी सैनिक किंवा विधवा म्हणून नाव नोंदवून ओळखपत्र घ्या. नोंद आधीच असेल तर ओळखपत्रावरचा पत्ता आणि कुटुंबाचा तपशील आजचा आहे का, ते पाहा. या ओळखपत्राशिवाय पुढची कुठलीही योजना हलत नाही.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर? आधी पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, मग प्रतिज्ञापत्र करा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्या रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज पाठवा. सेवेचा दाखला तिथूनच मिळतो. त्यासाठी सैनिक क्रमांक आणि रेजिमेंट मात्र माहीत हवी. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, आणि बॉम्बे सॅपर्सचं पुण्याजवळ खडकीला.

क्रमांक कुणालाच आठवत नसेल तर घरातली पदकं शोधा. पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याची जशी कड असते तिथे, बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कापडाने पुसून उजेडात तिरकं धरलं की अक्षरं दिसतात. मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. जुनी पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, पलटणीच्या फोटोखालची नावं यांतूनही धागा सापडतो. माणसाचं सगळं गेलं तरी कपाटाच्या कोपऱ्यात पदक सापडतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरं काम: नावं जुळवणे

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात.

एका घराचं उदाहरण घ्या. डिस्चार्ज बुकात पत्नीचं नाव ‘द्वारका’ आहे. ते माहेरचं, कारण जवानाने भरतीच्या वेळी तेच सांगितलं. लग्नात सासरचं नाव ठेवलं ‘लक्ष्मी’. रेशनकार्डावर ‘लक्ष्मीबाई’, आधारवर ‘लक्ष्मी शंकर जाधव’, बँकेत ‘लक्ष्मीबाई शंकरराव जाधव’. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव ‘शंकर विठोबा जाधव’, पण फौजेच्या कागदावर ‘जाधव शंकर’, वडिलांचं नावच नाही. घरच्यांना यात काही खटकत नाही, कारण माणूस एकच आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. दिल्लीत बसून स्कॅन केलेले कागद तपासणाऱ्याला मात्र ही तीन वेगवेगळी माणसं दिसतात.

यावर उपाय आहे, पण क्रम पाळावा लागतो. एका कोऱ्या कागदावर उभे रकाने आखा: डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, बँक पासबुक, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड. आडव्या ओळींत जवानाचं नाव, पत्नीचं नाव, मुलांची नावं आणि प्रत्येकाची जन्मतारीख. सगळं जसं छापलं आहे तसं उतरवा, स्वतः सुधारू नका. कुठे काय वेगळं आहे ते लगेच दिसतं.

फरक एखाद्या अक्षराचा किंवा नावाच्या क्रमाचा असेल तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. नाव पूर्ण वेगळं असेल, वरच्या उदाहरणातल्या द्वारका-लक्ष्मीसारखं, तर रेकॉर्ड ऑफिसमधल्या नोंदीतच दुरुस्ती करून घ्यावी लागते. हा अर्जसुद्धा जिल्हा कार्यालयामार्फतच जातो. वेळ लागतो, पण एकदा झालं की पुढच्या सगळ्या योजनांची वाट मोकळी होते. आधार आणि पासबुक फौजेच्या नोंदीप्रमाणे बदलायचं की फौजेची नोंद आधारप्रमाणे, हे संघटकांना विचारून ठरवा. दोन्हीकडे एकाच वेळी बदल करायला घेतले की गुंता वाढतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यांची जन्मनोंद फौजेच्या कागदांत झालेली असते का, ते तपासा. नोकरीत असताना जन्मलेल्या मुलांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे फौजेच्या नोंदीच्या आदेशाने, होते. निवृत्तीनंतर जन्मलेल्या किंवा नोंद राहून गेलेल्या मुलांसाठी जन्मदाखला दाखवून नाव लावून घ्यावं लागतं. शिक्षणाचं अनुदान असो की मुलीच्या लग्नाचं, मूल कागदावर असलं तरच ते मिळतं.

आता बँक. खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर हवं, आधारशी जोडलेलं हवं आणि चालू हवं. राष्ट्रीयीकृत बँकेतलं असेल तर उत्तम. पतसंस्थेतलं खातं यासाठी उपयोगाचं नाही. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते आणि मंजूर झालेला पैसा परत जातो. म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात शंभर रुपये भरून आणि काढून पाहा.

तिसरं काम: आपली योजना निवडणे

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तीन मुख्य अनुदानांच्या रकमा दुप्पट केल्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना नवे दर आहेत. गावात अजून जुनेच आकडे सांगितले जातात, म्हणून हे नीट पाहा.

पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निर्वाह अनुदान. सरकारी कागदात त्याला पेन्युरी ग्रँट म्हणतात. ६५ वर्षांपुढचे, पेन्शन नसलेले आणि नियमित उत्पन्न नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यासाठी पात्र आहेत. हुद्दा हवालदारापर्यंतचा हवा, किंवा नौदल-हवाईदलातला त्याच्या बरोबरीचा. आधी महिन्याला ४,००० रुपये मिळत, आता ८,००० मिळतात, आणि ते आयुष्यभर. औषधं, किराणा आणि विजेचं बिल यांतच सगळी मिळकत संपते अशा घरात दरमहा ८,००० म्हणजे कुणापुढे हात न पसरता जगणं. तुमच्या माहितीत असा एकच माणूस असेल आणि त्याच्यासाठी एकच अर्ज भरायला तुम्हाला वेळ असेल, तर हाच भरा.

यासाठी डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, आधार, पासबुक आणि पेन्शन किंवा इतर नियमित उत्पन्न नसल्याचा पुरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर करता येतो. वयाचा पुरावा बारकाईने पाहा. बऱ्याच वृद्धांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी ही जन्मतारीख पडलेली असते आणि डिस्चार्ज बुकात वेगळी असते. दोन्हींत वर्षांचं अंतर असेल तर आधी ते मिटवा.

दुसरं शिक्षण अनुदान. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाच्या जास्तीत जास्त दोन मुलांना, पहिलीपासून पदवीपर्यंत, प्रत्येकी महिन्याला २,००० रुपये. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विधवेलाही ते मिळतं. हे अनुदान पेन्शनधारकालाही आहे, हे अनेकांना माहीत नसतं. उत्तीर्ण झालेल्या वर्गाच्या गुणपत्रिकेवर अर्ज करायचा असतो आणि दरवर्षी नव्याने करायचा असतो. शाळा सुरू झाली की लगेच त्या वर्षाची शेवटची तारीख संकेतस्थळावर पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत गेली की ते वर्ष गेलं. मुलाला त्याच कारणासाठी दुसरीकडून सरकारी मदत मिळत असेल तर ती लपवू नका. पुढे उघड झाली की सगळंच थांबतं.

तिसरं मुलीच्या लग्नाचं अनुदान: आता १,००,००० रुपये, जास्तीत जास्त दोन मुलींसाठी. विधवेच्या पुनर्विवाहालाही तेवढंच. वाढीव रक्कम नव्या आदेशानंतर झालेल्या लग्नांनाच लागू आहे. मुलगी सज्ञान हवी आणि विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र हवं. लग्न झाल्यापासून १८० दिवसांच्या आत अर्ज जायला हवा, आणि हे दिवस कसे सरतात ते कळत नाही. लग्नाची गडबड, पाठवणी, मांडवाचे पैसे फेडणं यात दोन महिने जातात आणि नोंदणी राहून जाते. गावात विवाहनोंदणी ग्रामपंचायतीतच होते. लग्नाच्या आठवड्यातच नवरा-नवरी, साक्षीदार आणि लग्नपत्रिका घेऊन नोंदणी उरकून टाका. पत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, तेही पत्रिका छापायच्या आधी पाहा.

आजारपणासाठी दोन वाटा आहेत, आणि दोन्ही पेन्शन नसलेल्यांसाठी. ईसीएचएस ही योजना २००३ पासून आहे, पण ती मुख्यतः पेन्शनधारकांची. बाहेर राहिलेल्यांना वैद्यकीय अनुदान ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं, त्यातही हवालदारापर्यंतचीच अट आहे. बायपास, अँजिओप्लास्टी, पेसमेकर, सांधे बदलणं, पक्षाघात, कर्करोग, डायलिसिस अशा गंभीर आजारांसाठी वेगळं अनुदान आहे. ते आजारानुसार जास्तीत जास्त १,५०,००० रुपयांपर्यंत आहे आणि तिथे हुद्द्याची अट नाही. ही मदत झालेल्या खर्चावर मिळते. म्हणजे आधी खर्च, मग अर्ज. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल सगळं एका पिशवीत जमा करा. औषधाच्या दुकानातून साधी चिठ्ठी घेऊ नका, रुग्णाच्या नावाचं छापील बिल मागा.

आधी खर्च करायला पैसे नसतील तर? महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटकात. शहरातल्या अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांची नोंदणी धर्मादाय न्यास म्हणूनच झालेली आहे. दाखल होतानाच तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड द्या. बिल झाल्यावर सवलत मागणं फार अवघड जातं. ही मदत सैनिकांपुरती नाही, पण पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाच्या घराला ती तितकीच लागू आहे.

बाकीची अनुदानं थोडक्यात. शंभर टक्के अपंग मुलासाठी महिन्याला ३,००० रुपये, अनाथ मुलांसाठी महिन्याला ३,००० रुपये, विधवेने व्यवसाय प्रशिक्षण पूर्ण केल्यावर एकदा ५०,००० रुपये, आणि सेवेनंतर ५० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला खास बनवलेल्या स्कूटरसाठी १,००,००० रुपये. यांतलं काही तुमच्या घराला लागू असेल तर संघटकांशी बोलून अटी समजून घ्या.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना वेगळी आहे. तिचा पैसा ध्वजदिन निधीतून येत नाही, तो १९६२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. माजी सैनिक आणि माजी तटरक्षक यांची मुलं व विधवा यांच्यासाठी दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या असतात, निम्म्या मुलींना आणि निम्म्या मुलांना. मुलीला महिन्याला ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये, वर्षाची रक्कम एकदम जमा होते. अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा: अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, बी.एड., बीसीए असा. प्रवेशाच्या पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के लागतात आणि अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर योजना कळली तर उपयोग होत नाही. निवडीत युद्धात वीरगती मिळालेल्यांच्या मुलांना पहिला प्राधान्यक्रम आहे. बी.ए., बी.कॉम. करणाऱ्यांनी इकडे न येता वरच्या शिक्षण अनुदानाचा अर्ज भरावा.

जिल्हा कार्यालयात गेलात की राज्याच्या कल्याणकारी निधीतून काय मिळतं तेही विचारा. माजी सैनिकांच्या मुला-मुलींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहं आहेत. खेड्यातून कॉलेजला येणाऱ्या मुलीसाठी ते कित्येकदा रोख रकमेपेक्षा मोलाचं ठरतं.

चौथं काम: अर्ज भरणे

अर्ज ऑनलाइन आहे, केंद्रीय सैनिक मंडळाच्या संकेतस्थळावर: केएसबी डॉट जीओव्ही डॉट इन. सर्चमध्ये नाव टाकून वर येईल ते पान उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर ते संकेतस्थळ खरं नाही.

आधी माजी सैनिक किंवा विधवा म्हणून नोंदणी होते. मोबाइल क्रमांक घरात कायम राहील असाच द्या. शहरात नोकरीला असलेल्या पुतण्याचा क्रमांक दिला आणि त्याने तो बदलला, तर पासवर्डही मिळत नाही आणि त्रुटीचा निरोपही मिळत नाही. वापरायचं नाव आणि पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही त्याच फाइलमध्ये ठेवा.

कागद स्कॅन करूनच चढवा. मोबाइलने काढायचाच असेल तर स्कॅनिंगचं ॲप वापरा. कागद सपाट ठेवा, चारही कडा दिसू द्या, सावली पडू देऊ नका. डिस्चार्ज बुकाची पानं जुनी आणि पिवळी असतात, शाई उडालेली असते, म्हणून ती काळ्या-पांढऱ्यात न काढता रंगीत काढा. कुटुंबाचा तपशील असलेलं पान आणि सेवामुक्तीचं कारण असलेलं पान वेगळं, मोठं आणि स्पष्ट हवं. चढवल्यावर प्रत्येक फाइल उघडून स्वतः वाचा. तुम्हाला वाचता येत नसेल तर पुढच्यालाही येणार नाही.

अर्ज सादर केला म्हणजे काम झालं, असं समजू नका. आता मूळ कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं असतं. तिथे कागद ताडून पाहतात आणि शिफारस करून अर्ज पुढे पाठवतात. ही पडताळणी झाली नाही तर अर्ज जिल्ह्याच्या लॉगिनमध्येच पडून राहतो, आणि घरी सगळे दिल्लीच्या पैशांची वाट पाहत बसतात. अर्जदार फार वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेला असेल तर कार्यालयाला आधी फोन करून सांगा. तालुक्याच्या ठिकाणी संघटक कधी येणार आहेत, तेही विचारा.

कुठल्याही टप्प्यावर शुल्क नाही. सेवा केंद्रवाला टाइप करण्याचे आणि स्कॅनिंगचे पैसे घेईल, ते ठीक. पण ‘मंजूर करून देतो, इतके टक्के द्या’ असं म्हणणारा कुणीही, अगदी जुन्या पलटणीतला ओळखीचा असला तरी, फसवतो आहे. ‘दिल्लीहून बोलतोय, अनुदान जमा करायचं आहे, ओटीपी सांगा’ असे फोन म्हाताऱ्या बायकांना येतात. आजीला एकच गोष्ट पक्की सांगून ठेवा: फोनवर कुणालाही आकडा सांगायचा नाही.

पाचवं काम: पाठपुरावा

दर पंधरा दिवसांनी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहा. तो जिल्हा, राज्य आणि केंद्र या तीनपैकी कुठे आहे ते तिथे दिसतं. त्रुटी निघाली तर तिचं कारण लिहिलेलं असतं. ते शब्दशः वहीत उतरवा आणि तेवढीच दुरुस्ती करून परत पाठवा. जिल्ह्यात अडकलं असेल तर भांडायला जाऊ नका. अर्ज क्रमांक लिहिलेलं साधं पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तरीही हलत नसेल तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभाग निवडून तक्रार नोंदवता येते. तारखा आणि पोच असलेली तक्रार पुढे सरकते. नुसता राग व्यक्त केलेल्या तक्रारीचं तसं होत नाही.

निर्वाह अनुदान सुरू झालं की हयातीचा दाखला वेळच्या वेळी द्या. लाभार्थ्याचं निधन झालं तर लगेच कळवा. नंतर जमा झालेली रक्कम परत करावी लागते, आणि पतीच्या मागे पत्नी पात्र असेल तर तिचा अर्जही त्यामुळे लवकर मार्गी लागतो.

नोकरीत असलेल्या जवानाच्या घरासाठी

सेवेत असलेल्या जवानाच्या घरावर संकट आलं तर पहिला फोन युनिटला. जवानाच्या कमांडिंग ऑफिसरकडे आणि सुभेदार मेजरकडे तातडीच्या मदतीचे स्वतःचे मार्ग असतात. तिन्ही दलांत कुटुंबांच्या कल्याणासाठी संघटना आहेत, भूदलातल्या जवानांच्या पत्नींची ‘आवा’ ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. युद्धात किंवा दहशतवादविरोधी कारवाईत वीरगती मिळालेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्यांच्या कुटुंबांसाठी सशस्त्र सेना युद्धहताहत कल्याण निधी आहे. त्यासाठी देणग्या घेणारं ‘मां भारती के सपूत’ हे संकेतस्थळ ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. या निधीची कारवाई दलाकडूनच सुरू होते, घरच्यांनी युनिटशी संपर्क तोडू नये एवढंच पाहायचं.

जवान सुट्टीवर घरी आला की एक गोष्ट त्याच्याशी स्पष्ट बोला: वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे? लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असतं आणि लग्नानंतर बदलायचं राहून जातं. मग दुःखाच्या दिवसांत सासू-सुनेत कागदावरून तेढ येते. वीरमाता आणि वीरपत्नी दोघींचा वाटा जवानाने स्वतः आधी ठरवून नोंदवलेला असेल तर घर टिकतं. हा विषय काढणं जड जातं, तरी काढा.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांसारखी दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांचे निवृत्त जवान सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजनांत बसत नाहीत, आणि अनेक कुटुंबं तिथे हेलपाटे घालून निराश होऊन परततात. त्यांच्यासाठी कल्याण व पुनर्वसन मंडळ आहे, ‘वार्ब’ नावाने ओळखलं जाणारं. वीरगती मिळालेल्यांच्या कुटुंबांना थेट देणगी पोहोचवण्यासाठी २०१७ पासून ‘भारत के वीर’ हे संकेतस्थळ आहे. तिथे एका कुटुंबाच्या खात्यावर जास्तीत जास्त १५ लाख रुपये जमा होतात, म्हणजे मदत एकाच घराकडे न जाता सगळ्यांपर्यंत पोहोचते.

ज्यांना मदत द्यायची आहे त्यांच्यासाठी

देणगी थेट सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला देता येते, केंद्रीय सैनिक मंडळाच्या त्याच संकेतस्थळावरून. जिल्ह्यात द्यायची असेल तर सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पावती घ्या. कंपन्यांना या निधीला दिलेली रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरता येते. रस्त्यावर किंवा व्हॉट्सॲपवर एखाद्या शहीद जवानाच्या फोटोखाली खासगी खात्याचा क्रमांक दिसला तर पैसे पाठवण्याआधी त्या कुटुंबाशी किंवा जिल्हा कार्यालयाशी बोला. संस्था महाराष्ट्रातली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा तिचा नोंदणी क्रमांक विचारा.

पुण्याजवळ खडकीला दोन जुन्या संस्था आहेत. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग सैनिकांना हुन्नर शिकवते. पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये पाठीच्या कण्याला इजा होऊन कायमचे खुर्चीला खिळलेले जवान राहतात, खेळतात, काम करतात. तिथे देणगी देता येते आणि आधी कळवून भेटायलाही जाता येतं.

पैसे देणं जमत नसेल तर वेळ द्या. स्कॅनर असलेला माणूस, प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून देणारा वकील, सेवा केंद्र चालवणारा तरुण, यांच्या अर्ध्या दिवसाच्या कामातून एका म्हातारीचे महिन्याचे ८,००० रुपये सुरू होऊ शकतात. गावात पेन्शन नसलेले माजी सैनिक किती, याची यादी बहुतेक ग्रामपंचायतींकडे नसते. ती करायला घ्या, आणि झाली की एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन द्या.